रिपोर्ट चकाचक, पण नंबर कायम एंगेज: आयव्हीआरसाठी लाइन आणि चॅनेल ठरवताना या चुका टाळा

आयव्हीआरच्या (‘अमुकसाठी १ दाबा’ असं सांगणाऱ्या फोनयंत्रणेच्या) रिपोर्टात सगळे कॉल उचललेले दिसतात आणि बाहेर लोक म्हणतात, तुमचा नंबर लागतच नाही. दोघंही खरं बोलत असतात. एका चॅनेलवर एका वेळी एकच कॉल चालतो. सगळे चॅनेल भरले की पुढच्या कॉलला टेलिफोन कंपनीचं एक्स्चेंजच एंगेज टोन ऐकवतं. तो कॉल तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, मग त्याची नोंद कुठून होणार? म्हणून ‘फेल कॉल शून्य’ हा आकडा बघून निर्धास्त राहू नका. तासातली किती मिनिटं सगळे चॅनेल एकदम भरलेले होते, हे बघा. शिवाय ओव्हरफ्लो झालेल्या, म्हणजे जागा नसल्याने परत गेलेल्या कॉलचा आकडा कंपनीकडून लेखी मागून घ्या.

नंबर म्हणजे चॅनेल नव्हे

पीआरआय (अनेक चॅनेल असलेली डिजिटल फोनलाइन) घेतली की सोबत शंभर नंबरांची मालिका मिळते. त्यावरून एका वेळी शंभर जण बोलू शकतील असा समज होतो. आपल्याकडची पीआरआय ई-१ प्रकारची असते: २.०४८ एमबीपीएस, म्हणजे ६४ केबीपीएसचे ३२ खण. शून्य क्रमांकाचा खण ताळमेळासाठी आणि १६ वा सिग्नलिंगसाठी (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांसाठी) जातो, बोलण्यासाठी उरतात ३०. नंबर कितीही असोत, एकतिसाव्याला एंगेजच. अमेरिकेतल्या टी-१ लाइनवर हाच आकडा २३ असतो, त्यामुळे तिकडची मॅन्युअल बघून हिशेब करू नका. सर्व्हरमध्ये पीआरआय जोडायच्या काही कार्डांवर टी-१ की ई-१ हे जंपर नावाच्या छोट्या जोडणीने ठरतं. तो चुकीचा राहिला तर लाइन सुरूच होत नाही आणि दोष केबलला दिला जातो.

दिवसाची सरासरी काढणं

समजा, एका रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट लाइनवर दिवसाला ६०० कॉल येतात. दहा तासांत वाटले तर ताशी ६०. प्रत्येकी ३ मिनिटं धरली तर १८० मिनिटं, म्हणजे ३ अर्लांग. (एक चॅनेल पूर्ण तासभर भरलेला राहिला की १ अर्लांग. डेन्मार्कच्या आग्नर क्रारूप अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे.) शंभरात एकाच कॉलला एंगेज लागावं असं ठरवलं, तर या सूत्राचं कोष्टक सांगतं ८ चॅनेल.

पण सोमवारी सकाळी आठ ते नऊमध्येच १५० कॉल येतात. ते झाले ७.५ अर्लांग. त्या तासात ८ चॅनेलवर दर पाच कॉलमागे एक परत जाईल. लागतात १५. तेही एंगेज मिळालेला माणूस गप्प बसेल असं धरून, कारण सूत्र तसंच मानतं. आपला माणूस लगेच रीडायल दाबतो, म्हणून वर दोन-तीन चॅनेल जास्तीचे ठेवा. हिशेब नेहमी घाईच्या तासाचा करायचा, तोही आठवड्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाचा.

कॉलची लांबी कमी धरणं

मेनू ऐकण्यात मिनिट जातं आणि बोलण्यात दोन, म्हणून ३ मिनिटं लिहिली जातात. मध्ये ‘कृपया प्रतीक्षा करा’ची दोन मिनिटं असतात, ती विसरली जातात. त्या वेळातही चॅनेल अडकलेलाच असतो. ५ मिनिटं धरा: १२.५ अर्लांग, २१ चॅनेल.

मोठी गफलत पुढे आहे. कॉल डॉक्टरांच्या मोबाइलवर जोडून दिला की आलेला कॉल एक चॅनेल धरून ठेवतो आणि मोबाइलकडे जाणारा दुसरा. तासात ३० कॉल असे चार-चार मिनिटांसाठी जोडले तर आत २ आणि बाहेर २ अर्लांग वाढतात. एकूण १६.५, म्हणजे २६ चॅनेल. आठपासून निघालेला आकडा इथवर आला. एका पीआरआयमध्ये हे कसंबसं बसतं.

चॅनेलची वाटणी

१५ चॅनेल अपॉइंटमेंटला आणि १५ बिलिंगला अशी भिंत घालू नका. १५चे दोन गट मिळून सुमारे १६ अर्लांग पेलतात, तेच ३० एकत्र ठेवले तर २०. विभाग नंबरावरून ओळखा, चॅनेल सामायिक ठेवा.

अपवाद बाहेर जाणाऱ्या स्वयंचलित कॉलचा. उद्याच्या अपॉइंटमेंटची आठवण देणारा डायलर सकाळी नऊला सुटला, तर तो तीसही चॅनेल गिळतो. त्याला १० ची मर्यादा घाला आणि दुपारी चालवा. रिंग धरून कॉलमागे एक मिनिट लागलं तरी ३०० कॉल अर्ध्या तासात संपतात. रिंगचा वेळ मात्र मोजायलाच हवा. ॲस्टरिस्क या आयव्हीआर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नोंदींत ‘बिलसेक’ हा रकाना फक्त उचलल्यानंतरचे सेकंद दाखवतो, ‘ड्युरेशन’मध्ये रिंगही येते. हिशेब ‘ड्युरेशन’वर करा. जाहिरातीचे कॉल या लाइनवरून अजिबात करू नका. त्यांच्यासाठी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आणि नोंदणी आहे. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ऑगस्ट २०२४ च्या आदेशात नोंदणी नसलेल्यांच्या पीआरआय आणि सिप (इंटरनेटवरून चालणाऱ्या) लाइन तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायला सांगितलं होतं.

वीजतक्रारीच्या नंबरावर तर कुठलंही कोष्टक चालत नाही, कारण फीडर (गावाला वीज आणणारी लाइन) गेला की अख्खं गाव एकाच मिनिटाला फोन करतं. तिथे चॅनेल वाढवण्यापेक्षा कॉल आखूड करा. मेनूच्या आधीच ‘अमुक भागात बिघाड आहे, काम सुरू आहे’ असं ऐकवलं आणि कॉल ३ मिनिटांवरून २० सेकंदांवर आला, तर ३० चॅनेलवर मिनिटाला १० ऐवजी ९० जणांना उत्तर मिळतं.

सिप घेतल्यावर

चॅनेल मागाल तितके मिळतात, पण इंटरनेट तेवढं नसतं. जी.७११ या आवाज पाठवायच्या पद्धतीवर (कोडेकवर) इथरनेटसकट कॉलमागे ८७ केबीपीएस लागतात. ३० कॉलना २.६ एमबीपीएस, तेही दोन्ही दिशांनी. बँडविड्थ वाचवायला आवाज जास्त दाबणारं जी.७२९ निवडलं आणि बटणांचे टोन आवाजातूनच जात असतील, तर बटणं नीट ओळखली जात नाहीत, कारण बोलण्यासाठी केलेल्या कॉम्प्रेशनमध्ये बटणाचा टोन मोडतो. आयव्हीआरला जी.७११ ठेवा आणि डीटीएमएफ (बटणांचे टोन) दोन्ही टोकांना आरएफसी २८३३ वर लावा, म्हणजे बटणं आवाजात न मिसळता वेगळी जातात. एकाच बाजूचा आवाज येत असेल तर आधी राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या संदेशांत बदल करणारी सोय) बंद करून बघा.

पीआरआय सुरू आहे, तरी गडबड

मध्येच टकटक आवाज येतो, एकदा दाबलेलं बटण दोनदा लागतं: क्लॉक (दोन्ही टोकांचा ताल जुळवणारं घड्याळ) बघा. क्लॉक कंपनीच्या बाजूने घ्यायचं, आपलं कार्ड स्वतःचं चालवत असेल तर स्लिप होतात, म्हणजे मधला डेटा गळतो किंवा दोनदा येतो. अलार्म जात नसेल तर सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका पकडणारी तपासणी) एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद आहे का, ते विचारा. बाहेर जाणारे कॉल गर्दीच्या वेळी तुटत असतील तर कॉज कोड (कॉल का तुटला हे सांगणारा आकडा) वाचा: ३४ म्हणजे चॅनेल रिकामा नाही, ४४ म्हणजे मागितलेला चॅनेल मिळाला नाही. ४४ वारंवार दिसला तर दोन्ही टोकं एकाच चॅनेलवर झडप घालत असण्याची शक्यता जास्त. कंपनी १ पासून वर जात असेल तर तुम्ही ३१ पासून खाली या.

दुसरी लाइन राखीव म्हणून घेतली तरी ती पहिलीच्याच चरातून आलेली असते. पावसाळ्याआधी रस्ता खणणारा जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. एक पीआरआय, एक वेगळ्या कंपनीची सिप घ्या, आणि सही करण्याआधी दोन्ही केबल इमारतीत कुठून शिरतात ते खाली उतरून बघा.