रंगद्रव्ययुक्त गाठींच्या मॉलिक्युलर चाचण्या : या चुका टाळा

तीळ निरुपद्रवी आहे की मेलानोमा (रंगपेशींचा कर्करोग), याचा निर्णय बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही एकमत होत नाही अशा मोजक्या गाठींसाठी मॉलिक्युलर चाचणी, म्हणजे पेशींच्या डीएनएतील बदलांची तपासणी, मोलाची ठरते. मात्र नेमका प्रश्न न ठरवता ती मागवली, तर निकालाने गोंधळच वाढतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे ब्रॅफ (BRAF) जनुकातील व्ही६००ई हा ठरावीक बदल सापडताच गाठ कर्करोगाची मानणे. हा बदल बहुसंख्य साध्या तिळांतही असतो, हे २००३ मध्येच दाखवले गेले आहे. मेलानोमांपैकी मात्र सुमारे निम्म्यांतच तो आढळतो. पसरलेल्या मेलानोमावर कोणते औषध द्यावे हे ठरवताना त्याला महत्त्व आहे, निदानासाठी नाही. जन्मजात तिळांतील एनरास (NRAS) आणि निळ्या तिळांतील जीएनएक्यू (GNAQ) या जनुकांतील बदलांनाही हेच लागू होते, कारण हे बदल पेशींच्या वाढीची सुरुवात दाखवतात, तिचा शेवट कुठे होईल हे नव्हे. निदानाला खरी मदत होते ती अनेक गुणसूत्रांचे भाग वाढले किंवा गळाले आहेत का, हे पाहण्याची. २००३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३२ मेलानोमांपैकी ९६ टक्क्यांत असे बदल होते, तर ५४ तिळांपैकी फक्त काही स्पिट्झ तिळांत (मेलानोमासारखे दिसणारे निरुपद्रवी तीळ) ११व्या गुणसूत्राची लहान भुजा वाढलेली होती. म्हणून केवळ ही एकच वाढ दिसली, तर घाबरून निदान बदलू नये.

फिश (FISH) चाचणीत चमकणारे प्रोब, म्हणजे डीएनएचे खुणेचे तुकडे, गुणसूत्रांवर चिकटवून ठिपके मोजतात; ती निवडक ठिकाणेच तपासते. ती नकारात्मक आली म्हणजे मेलानोमा नाही, असे म्हणता येत नाही. गाठ स्पिट्झसारखी असेल तर ९पी२१ (९व्या गुणसूत्राच्या लहान भुजेवरील) हे ठिकाण तपासले आहे का, हे आवर्जून विचारावे. उलट चूकही होते. स्पिट्झ तिळांतील काही पेशींत गुणसूत्रांचे संपूर्ण संच दुप्पट झालेले असतात, त्यामुळे सर्वच ठिपके जास्त दिसतात आणि अहवाल खोटा सकारात्मक येतो. सर्व प्रोबची संख्या एकाच प्रमाणात वाढली असेल, तर हीच शक्यता आधी तपासावी.

पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) अपयशी ठरले, तर दोष अनेकदा मेलॅनिन या त्वचेच्या रंगद्रव्याचा असतो, कारण ते प्रती बनवणाऱ्या पॉलिमरेज या विकराला अडवते. डीएनए पुन्हा शुद्ध करावा, तो पातळ करून पाहावा किंवा मिश्रणात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातील प्रथिन) घालावे. नमुन्यात लिम्फोसाइट्सची (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची) गर्दी असेल, तर गाठीचा भाग वेगळा खरवडून घेतल्याशिवाय गुणसूत्रांतील बदल लपून राहू शकतात. लहान बायोप्सीच्या ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या ऊतकातून) रंग न दिलेले काप सुरुवातीलाच राखून ठेवावेत. नंतर ऊतक उरतच नाही.

चाचणीनंतरही गाठीचे स्वरूप अनिश्चित राहिले, तर अहवालात ते तसेच स्पष्ट लिहावे आणि भोवतीच्या निरोगी त्वचेची पुरेशी कड घेऊन गाठ पूर्णपणे काढण्याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलावे.