ट्रिस बफर बनवताना तापमान का विसरू नये

प्रयोगशाळेत प्रोटीन बिघडले की संशय आधी एन्झाइमवर जातो, मग विद्यार्थ्यावर. बाटलीतल्या बफरकडे, म्हणजे पीएच (आम्लतेचे माप) स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाकडे, कुणी बघत नाही, कारण तिच्यावर ‘पीएच ७.५’ असे ठळक लिहिलेले असते. पण तो पीएच कोणत्या तापमानाला मोजला होता? ते क्वचितच लिहिलेले असते. ट्रिस या नेहमीच्या वापरातल्या बफरच्या बाबतीत तर हाच प्रश्न महत्त्वाचा.

आधी बफरचे काम पाहू. सौम्य आम्ल आणि त्याचीच आम्लारी अशी जोडी द्रावणात असते. बाहेरून प्रोटॉन आले की आम्लारी ते धरते. प्रोटॉन कमी पडले की आम्ल ते सोडते. दोघांचे प्रमाण समसमान असते तेव्हाचा पीएच म्हणजे त्या जोडीचा पीकेए. बफरची ताकद तिथेच सर्वाधिक असते. पीकेएच्या दोन्ही बाजूंना साधारण एक एककापर्यंत तो कामाचा, त्यापुढे नावापुरता.

म्हणून निवड पीकेएवरून करा. २५ अंश सेल्सिअसला नेहमीच्या बफरांचे पीकेए असे: मेस ६.१, फॉस्फेट ७.२, हेपेस ७.५ आणि ट्रिस ८.१ च्या आसपास. पण तेवढ्यावर भागत नाही. फॉस्फेट कॅल्शियमसोबत साका धरते, तेव्हा कॅल्शियम लागणाऱ्या एन्झाइमला ते नको. ट्रिसमध्ये अमाइन गट असतो, त्यामुळे प्रोटीनच्या अमाइन गटांवर रसायन जोडायचे असेल तर ट्रिस मध्येच लुडबुड करतो.

आता उदाहरण घेऊ: १ लिटर, ५० मिलिमोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ट्रिस, पीएच ७.५, खोलीच्या तापमानाला वापरण्यासाठी.

ट्रिसचा रेणुभार १२१.१४, म्हणजे एका मोलचे वजन तेवढे ग्रॅम. ०.०५ मोलसाठी ६.०६ ग्रॅम वजन करा. आम्लारी स्वरूपातली ट्रिसची पूड घ्या. ट्रिस हायड्रोक्लोराइड नावाची बाटली वेगळी, तिचा रेणुभारही वेगळा. साधारण ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात पूड विरघळवा. इथेच लिटरची खूण गाठण्याची घाई नको, आम्लालाही जागा लागते.

पीएच मीटर ७ आणि १० च्या प्रमाणित द्रावणांनी कॅलिब्रेट करा. आपले ७.५ या दोघांच्या मध्ये येते, म्हणून ही जोडी. काही इलेक्ट्रोड ट्रिसमध्ये चुकीचे आकडे दाखवतात; आपला ट्रिसला चालतो का, हे एकदा तपासून घ्या.

मग स्टररवर ढवळत १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. संहत (तीव्र) आम्लापासून ते बनवणार असाल तर फ्यूम हूडमध्ये, आणि आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नव्हे. साधारण ३९ मिलिलिटर लागते, हा आकडा लक्षात ठेवा: ३० वरच पीएच ७.५ वर उतरला किंवा ५० झाले तरी उतरेना, तर वजन किंवा आम्ल यांपैकी काहीतरी चुकले आहे. पहिले ३० मिलिलिटर बेधडक घाला, शेवटचे थेंबाथेंबाने. पीएच ७.५ च्या खाली घसरला म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड टाकून वर आणण्याचा मोह होतो. आकडा बरोबर येतो, पण द्रावणात जादा मीठ जमा होते. त्यापेक्षा नव्याने सुरुवात केलेली बरी.

आकडा स्थिरावला की पाण्याने १ लिटरची खूण गाठा आणि पीएच पुन्हा बघा.

आता तापमान. ट्रिसचा पीएच दर अंशामागे ०.०२८ ने हलतो, आणि थंड झाल्यावर वर जातो. २५ अंशांना ७.५ केलेली बाटली ४ अंशांच्या शीतगृहात ठेवली की पीएच ८.१ होतो, ३७ अंशांना तोच ७.२ च्या खाली येतो. म्हणून ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला पीएच लावा. मीटरवरचे तापमानाचे बटण इलेक्ट्रोडचा हिशेब सुधारते. द्रावणाचा खरा पीएच बदलतो, त्यावर त्याचा इलाज नाही. शिवाय थंडीत ट्रिसचा पीकेएही वर सरकतो, ४ अंशांना तो ८.६ च्या पुढे जातो, म्हणजे ७.५ त्याच्या कामाच्या पट्ट्याबाहेर पडतो. बर्फावर ७.५ हवा असेल तर ट्रिसशी झुंजण्यापेक्षा हेपेस घ्या, तो निम्म्यानेच हलतो. फॉस्फेट तर जवळपास हलतच नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बघत नाही. पीएच ७.५ ला ट्रिसचे सुमारे ७८ टक्के रेणू आधीच प्रोटॉन धरून बसलेले असतात. अभिक्रियेतून आम्ल तयार होणार असेल तर ते झेलायला फक्त २२ टक्के उरतात. अशा वेळी बफरची संहती वाढवा किंवा पीकेए ७.५ जवळचा बफर निवडा.

मोठ्या संहतीचा साठा करून विरळ करणार असाल तर विरळ केल्यावर पीएच पुन्हा मोजा. ट्रिस दहापट विरळ केला की साधारण ०.१ ने उतरतो. साठवायचा बफर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फॉस्फेटची बाटली गाळली नाही तर तिच्यात बुरशी लवकर धरते.

लेबलवर नाव, संहती, पीएच, तारीख आणि पीएच कोणत्या तापमानाला लावला तो आकडा लिहा.