ब्रिटनमधल्या नोकरीची ऑफर आली? सही करण्याआधी आणि पैसे भरण्याआधी काय तपासायचे

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा बदलले आहेत की 2023 साली तिकडे गेलेल्या मित्राचा सल्ला आज लागू पडेलच असे नाही. त्याला जो पगार पुरला, तो तुम्हाला पुरणार नाही. त्याच्या बायकोला सहज मिळालेला व्हिसा तुमच्या बायकोला कदाचित मिळणारच नाही. या गोंधळाचा फायदा घेऊन लाखो रुपये उकळणारे दलाल पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत बसले आहेत. म्हणून ऑफर लेटर हातात पडल्यापासून विमानात बसेपर्यंत काय, कोणत्या क्रमाने तपासायचे ते इथे सांगतो.

आधी ढोबळ चित्र

4 एप्रिल 2024 ला पगाराची किमान अट वर्षाला 26,200 पौंडांवरून एकदम 38,700 पौंडांवर गेली. 22 जुलै 2025 ला ती 41,700 झाली. त्याच दिवशी दुसरा आणि माझ्या मते जास्त मोठा बदल झाला: यापुढे नवीन व्हिसा फक्त पदवीच्या पातळीच्या कामांनाच. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. अट तुमच्या पदवीची नाही, कामाच्या पातळीची आहे. बी.कॉम. झालेला शेफ असला तरी शेफचे काम या पातळीत बसत नाही, त्यामुळे हॉटेलसाठी इथून शेफ नेणे बंद झाले. वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करची परदेशातून भरतीही त्याच तारखेपासून थांबली. पदवीच्या खालच्या काही मोजक्या कामांसाठी तात्पुरती यादी 2026 अखेरपर्यंत ठेवली आहे, पण त्या यादीतून नव्याने जाणाऱ्याला नवरा, बायको, मुले सोबत नेता येत नाहीत. एजंट ‘फॅमिली व्हिसासकट’ म्हणत असेल तर कामाचा कोड (सरकारने त्या कामाला दिलेला क्रमांक) विचारा, तिथेच उलगडा होतो.

पहिली पायरी: कंपनी खरी आहे का

ब्रिटनचे गृहखाते परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसावर कामाला आणायची परवानगी असलेल्या कंपन्यांची, यादी सरकारी संकेतस्थळावर फुकट ठेवते आणि ती सतत अद्ययावत होते. कंपनीचे नाव, गाव, व्हिसाचा प्रकार आणि दर्जा या चार गोष्टी पाहा. दर्जा ‘ए’ हवा. ‘बी’ दर्जाच्या कंपनीला नवीन माणूस बाहेरून आणता येत नाही. नावातला एखादा शब्द जरी वेगळा असला तरी सोडून देऊ नका, थेट कंपनीला विचारा. मग कंपनीज हाउसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर, तेही फुकट, ती कंपनी कधी स्थापन झाली, संचालक कोण, हिशेब वेळेवर भरतात का ते बघा. सहा महिन्यांपूर्वी निघालेली, एका फ्लॅटच्या पत्त्यावरची कंपनी तुम्हाला चाळीस-पन्नास हजार पौंड देणार म्हणते, तर ते कुठून देणार हा प्रश्न व्हिसा अधिकारीही विचारणार आहे.

दुसरी पायरी: कोड आणि पगार

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बहुतेक गडबडी इथेच होतात.

प्रत्येक कामाला चार आकडी कोड असतो आणि प्रत्येक कोडला स्वतःचा गोइंग रेट, म्हणजे त्या कामाचा ठरवून दिलेला दर असतो. तुमचा पगार 41,700 आणि गोइंग रेट या दोन्हींमध्ये जो आकडा मोठा, त्याच्या बरोबरीचा किंवा वर हवा. लोक पहिला आकडा पाहतात आणि खूश होतात.

उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर डेव्हलपरला मँचेस्टरच्या कंपनीची 45,000 पौंडांची ऑफर आहे. 41,700 पेक्षा जास्त, म्हणजे झाले का काम? नाही. प्रोग्रॅमर आणि सॉफ्टवेअर डेव्हलपर यांचा कोड 2134, आणि जुलै 2025 च्या तक्त्यात आठवड्याला साडेसदतीस तासांच्या कामाला त्याचा दर 54,700 पौंड आहे. 45,000 वर अर्ज केला तर नकार ठरलेला. पण हाच उमेदवार अर्जाच्या दिवशी 26 वर्षांच्या आतला असेल, तर तो ‘न्यू एंट्रंट’ धरला जातो. त्याला किमान 33,400 पौंड आणि गोइंग रेटच्या 70 टक्के, म्हणजे सुमारे 38,300, यातला मोठा आकडा पुरतो. तेव्हा 45,000 व्यवस्थित बसतात. तिकडे शिकून स्टुडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून बदलणाऱ्यालाही ही सवलत मिळू शकते. मात्र ती एकूण चारच वर्षे, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळही त्यात मोजला जातो. चार वर्षांनी पूर्ण दर द्यावा लागेल, तेव्हा कंपनीला आजच विचारा की तोवर माझा पगार तिथवर नेणार का.

कामाशी संबंधित पीएचडी असेल तरी अट सैल होते. डॉक्टर, नर्स यांसारख्यांसाठी हेल्थ अँड केअर व्हिसा वेगळा आहे, तिथे सरकारी वेतनश्रेणीनुसार पगार चालतो.

आता पगारात काय धरतात? फक्त हमीचा, कर कापण्याआधीचा मूळ पगार. बोनस, ओव्हरटाइम, घरभाडे भत्ता, जेवण यातले काही नाही. ‘42,000 पॅकेज, त्यात 5,000 घरासाठी’ असे पत्र आले तर तुमचा पगार 37,000 समजा. आणि एप्रिल 2025 पासून कंपनी तुमच्याकडून स्वतःच्या धंद्याचा खर्च किंवा गुंतवणूक म्हणून काही कापून घेत असेल, तर ती रक्कमही वजा होते.

कोड फुगवण्याचा एक प्रकार सर्रास चालतो. काम काउंटरवरचे, पण कागदावर ‘बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर’. कोड निवडण्याची जबाबदारी कंपनीची असली तरी व्हिसा नाकारला गेला की फटका तुम्हाला बसतो. मुलाखतीत सांगितलेले काम आणि त्या कोडखाली सरकारने लिहिलेले कामाचे वर्णन शेजारी ठेवून वाचा. निम्मेसुद्धा जुळत नसेल तर त्या ऑफरवर पाणी सोडलेले बरे.

तिसरी पायरी: कोणाचा खर्च कोणाच्या खिशातून

हे प्रत्येकाला तोंडपाठ हवे असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडच्या कुटुंबांचे सोने आणि शेत याच अज्ञानापायी गेले आहे.

कंपनीने भरायचे: स्पॉन्सर परवान्याची फी, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची (या माणसाला या कामासाठी आणतो अशी कंपनीने केलेली नोंद; सगळे त्याला सीओएस म्हणतात) 525 पौंड फी, आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणूस आणल्याबद्दल कंपनीने सरकारला द्यायचा आकार. 16 डिसेंबर 2025 पासून हा चार्ज मोठ्या कंपनीला वर्षाला 1,320 आणि छोट्या कंपनीला 480 पौंड आहे. तीन वर्षांसाठी माणूस आणायचा तर मोठ्या कंपनीचे चार्ज आणि सीओएस मिळून 4,485 पौंड जातात. हे पैसे ती तुमच्याकडून घेऊ शकत नाही. स्किल्स चार्ज वसूल करायला आधीपासूनच बंदी होती. 31 डिसेंबर 2024 पासून दिलेल्या सीओएसची फी आणि परवान्याचा खर्चही कामगारावर टाकता येत नाही. टाकला तर परवाना जाऊ शकतो.

तुम्ही भरायचे: व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार (तिकडची सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा). 9 एप्रिल 2025 च्या दराने भारतातून तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाला माणशी 769 पौंड, त्याहून जास्त मुदतीला 1,519. आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 आणि मुलाला 776 पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. नवरा-बायको आणि एक मूल, तीन वर्षे, असा हिशेब केला तर व्हिसाचे 2,307 आणि अधिभाराचे 8,538, मिळून 10,845 पौंड होतात. रुपयांत बारा-तेरा लाखांच्या आसपास. फीचे दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहूनच तजवीज करा. बऱ्याच कंपन्या यातला काही भाग उचलतात. मागायला लाजू नका. फक्त लवकर नोकरी सोडली तर पैसे परत देण्याचे कलम करारात आहे का ते वाचा.

या दोन याद्यांबाहेर कोणी ‘सीओएसचे पंधरा लाख’ मागत असेल तर तो सौदा तिथेच सोडा. सीओएस विकत मिळत नाही. ब्रिटनच्या 1973 च्या कायद्याप्रमाणे काही मोजकी क्षेत्रे सोडता नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेणे बेकायदा आहे. आपल्याकडेही परदेशी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतो. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. रोख मागणारा, पावती न देणारा माणूस नात्यातला असला तरी हीच अट लावा.

चौथी पायरी: सीओएस आला की

सीओएस म्हणजे छापील प्रमाणपत्र नव्हे, ती गृहखात्याच्या संगणकातली नोंद असते आणि तुम्हाला तिचा क्रमांक मिळतो. कंपनीकडून त्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कोड, पगार, आठवड्याचे तास, कामाचा पत्ता आणि रुजू होण्याची तारीख एकेक करून ताडा. तासांकडे विशेष लक्ष द्या: पगार 41,700 असला तरी तो जास्त तासांवर पसरला की तासाचा दर 17.13 पौंडांच्या खाली जातो आणि अर्ज फसतो. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो.

पाचवी पायरी: कागदपत्रे

इंग्रजीची पातळी 8 जानेवारी 2026 पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी बी1 वरून बी2, म्हणजे भाषाज्ञानाच्या युरोपीय मोजपट्टीवर एक पायरी वर, झाली. बोलणे, ऐकणे, वाचणे आणि लिहिणे या चारही भागांत ती हवी. जुना बी1 चा निकाल फाइलमध्ये असेल तर तो नव्या अर्जाला चालणार नाही. इंग्रजी माध्यमातून पदवी झाली असेल तर एक्टिस या संस्थेकडून ती ब्रिटिश पदवीच्या तोडीची आणि इंग्रजीतून शिकवलेली आहे असा दाखला घेता येतो. विद्यापीठाचे माध्यमाचे पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम सीओएसची वाट न पाहता आधीच सुरू करा.

भारतातून जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करावी लागते, दाखला सहा महिने चालतो.

मराठी घरांत हमखास अडणारी बाब म्हणजे नावे. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी; लग्नानंतर आधार बदलले, पासपोर्ट माहेरच्याच नावाने राहिला; विवाहनोंदणीचा दाखला मराठीत. पासपोर्टवरचे नाव प्रमाण धरा आणि सीओएस, अर्ज, बँक खाते त्याच्याशी जुळवा. मराठी दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. जोडीदाराच्या पासपोर्टवर नाव बदलायचे ठरले असेल तर ते अर्जाच्या आधी उरका, मध्ये नको.

बँकेत 1,270 पौंडांइतकी रक्कम सलग 28 दिवस पडून हवी, जोडीदारासाठी आणखी 285, पहिल्या मुलासाठी 315. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कंपनीने सीओएसमध्ये तुमच्या पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी दिली असेल तर हा पुरावा लागत नाही.

अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. 15 जुलै 2025 पासून मुख्य अर्जदाराला बहुतेक वेळा पासपोर्टवर स्टिकर न मिळता ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन खात्यातली व्हिसाची नोंद, मिळतो. त्याचे खाते स्वतःच्या ई-मेल आणि फोनवर उघडा, एजंटच्या नाही.

तिकडे कंपनी चालवणाऱ्या मराठी मालकांसाठी

परवाना मिळाला म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. माणूस कामावर आला नाही, पगार घटला, काम बदलले किंवा त्याने नोकरी सोडली तर कामाच्या दहा दिवसांच्या आत गृहखात्याला कळवावे लागते. पहिल्या दिवशी काम सुरू होण्याआधी त्या माणसाला ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आहे का याची ऑनलाइन तपासणी करून तिची नोंद ठेवा. 13 फेब्रुवारी 2024 पासून हक्क नसलेल्या माणसाला ठेवल्याचा दंड पहिल्या खेपेला माणशी 45,000 पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास 60,000 पर्यंत आहे. ओळखीच्या मुलाला ‘बघू नंतर’ म्हणून दुकानात उभे करण्याची किंमत एवढी मोठी आहे.

पोचल्यानंतर

पगार दरमहा ठरल्याप्रमाणेच खात्यात येतो का ते बघा आणि प्रत्येक पगारपत्रक जपून ठेवा. कायम वास्तव्याची वाट आजवर पाच वर्षांची होती. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने ती मुळात दहा वर्षांची करण्याचा आणि चांगला पगार, उत्तम इंग्रजी यांवर ती कमी-जास्त करण्याचा प्रस्ताव मांडला. ‘पाच वर्षांत पक्के’ या गृहीतकावर घरकर्ज काढू नका.

नोकरी बदलायची तर नव्या कंपनीचा नवा सीओएस, नवा अर्ज, आणि मंजुरी आल्यावरच नवीन काम. नोकरी गेली आणि गृहखात्याने व्हिसाची मुदत कमी केल्याचे पत्र पाठवले तर साधारणपणे 60 दिवस मिळतात, किंवा व्हिसाची उरलेली मुदत त्याहून कमी असेल तर तेवढेच. पण पत्राची वाट बघत बसू नका. राजीनामा किंवा कपातीची नोटीस हातात आली त्या आठवड्यातच परवानाधारक कंपन्यांची यादी उघडा, आणि सल्ला हवा असेल तर इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदवलेल्या सल्लागाराचा किंवा सॉलिसिटरचाच घ्या.