अर्थसंकल्प लांबला तर कोकणातल्या पुरवठादाराने काय सांभाळावं

लोकसभा निवडणुकीच्या वर्षी राज्याचा पूर्ण अर्थसंकल्प लांबतो. 2024 मध्ये तो 28 जूनला मांडला गेला. तोवर कारभार लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरत्या तात्पुरत्या मंजुरीवर, चालतो. पगार, वीजबिलं, चालू करारांची देयकं निघतात, नवीन बाबींची खरेदी थांबते. घाटावर हा तीन महिन्यांचा उशीर. कोकणात मात्र जूनमध्ये पाऊस लागला की साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), रस्ता, शाळेचं छप्पर ही कामं दसऱ्यापर्यंत हलत नाहीत, आणि खर्चाची मुदत 31 मार्चच राहते.

म्हणून सरकारी कार्यालयाचा पुरवठा आदेश हाती आला तरी लगेच गाडी भरू नका. आधी त्या कार्यालयाच्या लेखा शाखेत जा. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व तारीख, लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यावर पडतो तो सांकेतिक क्रमांक), आणि त्या शीर्षाखाली बीम्स या राज्याच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर अनुदान प्रत्यक्ष जमा झालंय का, हे विचारा. मंजूर रक्कम आणि वितरित रक्कम यांत फरक असतो. देयक वितरित रकमेतूनच निघतं. निधी जिल्हा परिषदेचा असेल तर खर्चाची मुदत स्वतंत्रपणे विचारून घ्या.

दरपत्रकावर वैधतेची तारीख घालाच. कार्यालयाने ही मुदत वाढवून मागितली आणि सिमेंट, पाइप महागले असतील तर लेखी नकार द्या. वैधता संपल्यावर वाढ नाकारली म्हणून बयाणा रक्कम जप्त होऊ नये.

पिण्याच्या पाण्यासाठीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आदेशाच्या आशेवर एप्रिलमध्ये भरून ठेवू नका. दमट हवेत क्लोरीन उडून जातो आणि क्लोरीन 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर कामाची राहत नाही. गावाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, इथे तडजोड नको. ताडपत्री टिकते, ती आधी घेतली तरी चालते.

खरा फटका जीएसटीचा. माल दिला की बीजक काढावंच लागतं आणि पैसे आले नसले तरी कर त्याच कालावधीच्या विवरणपत्रात भरावा लागतो. म्हणून आदेशात टप्प्याटप्प्याने पुरवठ्याची अट मागून घ्या. प्रत्येक टप्प्याच्या डिलिव्हरी चलनावर सही-शिक्का आणि साठा नोंदवहीतला नोंद क्रमांक घ्या; त्याशिवाय मार्चमध्ये देयक परत येतं.

उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज मागता येतं. नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही.