जुन्या सीआरटी मॉनिटरची पिक्चर ट्यूब: या चुका टाळा

रबाळे-महापेच्या कारखान्यांत जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवर अजूनही सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबचे जाडजूड मॉनिटर चालू असतात. ठाण्यात जुने कॉम्प्युटर गेम खेळणारेही ते जिवापाड जपतात. चित्र अंधुक झालं की एकच निदान होतं, "ट्यूब गेली". बऱ्याचदा ती गेलेली नसते. मॉनिटरची नवी ट्यूब आता मिळणं जवळपास अशक्य आहे, त्यामुळे आधी दोष नक्की कुठे आहे ते शोधा.

सकाळी अक्षरं फाकलेली, अर्ध्या-एक तासाने आपोआप स्पष्ट, आणि पावसाळ्यात त्रास जास्त? मग आधी ट्यूबच्या मानेवरचं सॉकेट बघा. फोकसला काही हजार व्होल्ट लागतात आणि त्या पिनेपाशी सॉकेटच्या आत एक छोटा स्पार्क गॅप असतो. आपल्याकडच्या खाडीच्या दमट हवेत तिथला धातू गंजतो, हिरवट भुकटी धरते आणि फोकसचा व्होल्टेज तिथून गळतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एलओटीवरचं (हाय व्होल्टेज तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचं) फोकसचं बटण फिरवत बसणं. आज अक्षरं जुळतात, उद्या पुन्हा फाकतात. वरून स्प्रे मारूनही उपयोग होत नाही, तो बंद कप्प्यात पोचत नाही. त्याच पिनांचं नवं सॉकेट टाका. सॉकेटची प्लेट काढताना मात्र ती डावी-उजवीकडे हलवू नका, सरळ मागे ओढा. मानेच्या टोकाची काच तडकली की ट्यूबमध्ये हवा शिरते, मग कुठलाही इलाज चालत नाही.

हे काम सवय असलेल्यानेच करावं. रंगीत ट्यूबच्या ॲनोडला (रबरी टोपीखालच्या जोडाला) साधारण पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. तो ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपावरून गेलेल्या उघड्या अर्थ वायरलाच उतरवायचा, सर्किट बोर्डला नाही.

दुसरी चूक म्हणजे एलओटीवरचं स्क्रीनचं (मूळ उजेड ठरवणारं) बटण वाढवणं. चित्र उजळतं खरं, पण काळा भाग राखाडी होतो आणि तिरक्या बारीक रेषा दिसू लागतात. शिवाय बीम करंट (पडद्यावर पडणारा इलेक्ट्रॉनचा झोत) वाढल्याने कॅथोड (तो झोत सोडणारा भाग) आणि फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) दोन्ही जास्त झिजतात. उलट, हात न लावताच अशा रेषा येऊ लागल्या असतील, तर ट्यूब थकलेली नसून स्क्रीनचा व्होल्टेज सरकलेला असतो. काही जुन्या ट्रिनिट्रॉन (सोनीच्या ट्यूबच्या) मॉनिटरमध्ये हा दोष नेहमीचा आहे.

गन (ट्यूबच्या मानेतला, इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारा भाग; प्रत्येक रंगाची वेगळी) खरंच वीक झाली असेल तर ते हळूहळू कळतं. चित्र यायला वेळ लागतो, पांढरा भाग चोपडल्यासारखा दिसतो, लाल गन दमली असेल तर सुरुवातीला सगळं निळसर-हिरवट वाटतं आणि तापल्यावर सुधारतं. एखादा रंग अचानक गेला आणि कॅबिनेटवर टिचकी मारली की परत आला, तर सुटलेलं सोल्डरिंग शोधा.

गन वीक वाटली तरी थेट बूस्टर लावू नका. बहुतेक ट्यूबच्या हीटरला (कॅथोड तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट लागतात. बूस्टर तो व्होल्टेज वाढवतो, कॅथोडवरचा ऑक्साइडचा थर झपाट्याने उडतो आणि थोड्या दिवसांच्या उजेडासाठी उरलेलं आयुष्य जातं. आधी हीटरला पुरेसा व्होल्टेज मिळतोय का ते मोजा. वाळलेला कपॅसिटर किंवा तापून गेलेला रेझिस्टर निघाला तर तो बदलून काम भागतं. टीव्हीत हीटरची वाइंडिंग बहुधा एलओटीवर असते, तिथे साधा मल्टिमीटर चुकीचं रीडिंग देतो. मॉनिटरमध्ये ती सप्लाय बहुधा डीसी असते, त्यामुळे मीटरवर विश्वास ठेवता येतो. रिजुव्हनेटर (दमलेल्या गनला व्होल्टेजचा झटका देणारं यंत्र) सगळ्यात शेवटी, ट्यूब गमावायची तयारी असेल तरच.

रोजच्या वापरात काँट्रास्ट शंभरवर ठेवू नका, खोलीतला उजेड कमी करा. सीएनसीच्या पडद्यावर तोच तक्ता दिवसभर राहिला तर त्याची छाप फॉस्फरवर कायमची उमटते, ती कशानेही जात नाही. जेवणाच्या सुट्टीत पडदा काळा करा, शिफ्ट संपली की मेन स्विच बंद करा. दर पाच मिनिटांनी चालू-बंद करू नका, हीटरला त्याचा ताण पडतो.

कोपऱ्यात रंगाचे डाग दिसले तर आधी जवळचा स्पीकर दूर करा, मग डीगॉस (ट्यूबमधली चुंबकीयता घालवणारं बटण) दाबा. लागोपाठ दाबून काही होत नाही, आतला पोझिस्टर (तापल्यावर डीगॉसचा करंट रोखणारा भाग) थंड व्हायला हवा. वीस-पंचवीस मिनिटं थांबून पुन्हा करा.