कमी ऐका, लवकर पोहोचा

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर चालू करता येतो, टॅब दाबत पुढे सरकता येतं, मेलही वाचता येतो. तरी डोळस सहकारी दहा मिनिटांत उरकतो त्या कामाला आपला तास जातो. माझ्याकडे शिकायला येणारे जवळपास सगळेच हे सांगतात. मी स्वतः जन्मांध आहे, सोलापुरात बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मुलामुलींना संगणक शिकवते. त्यांच्या शेजारी बसून ऐकलं की वेळ कुठे जातो ते लगेच कळतं. नको असलेलं ऐकण्यात जातो. म्हणून मी शिकवायला सुरुवात करते ती गप्प करण्यापासून.

कंट्रोल दाबलं की आवाज थांबतो. शिफ्ट दाबलं की तिथेच थबकतो, पुन्हा दाबलं की पुढे बोलू लागतो. पण त्याहून कामाची सवय म्हणजे वाक्य पूर्ण होण्याची वाट न पाहणं. यादीतून बाण दाबत जाताना पहिल्या शब्दावरच कळतं की हे आपलं नाही, लगेच पुढचा बाण दाबा. एवढ्या सवयीनेच कामाला वेग येतो.

मग बोलण्याचा वेग. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप कळमांडणीत एनव्हीडीए कळ (बहुधा इन्सर्ट) आणि कंट्रोल धरून उजवा-डावा बाण दाबला की वेग, आवाज, स्वर अशा गोष्टी एकेक समोर येतात. वर-खालच्या बाणाने त्या बदलतात. लॅपटॉप मांडणीत यात शिफ्टही धरायचा. वेग एकदम वाढवू नका. थोडा वाढवा, कानाला सवय झाली की आणखी थोडा. एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ईस्पीकचा आवाज यंत्रासारखा वाटतो म्हणून बरेच जण तो टाळतात. मी कामाला तोच वापरते, कारण खूप वेगातही त्याचे शब्द सुटे राहतात, आणि तो मराठीही वाचतो. गोष्ट वाचायला गोड आवाज ठेवा की! एनव्हीडीए, कंट्रोल आणि पी दाबून वेगळ्या प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे वेगळे संच, करता येतात. एक्सेलमध्ये एक आवाज, सलग वाचनाला दुसरा.

खरी बचत होते वेबपानावर. टॅब फक्त लिंक, बटणं आणि रकान्यांवर थांबतो, मधला मजकूर उडवतो. खालच्या बाणाने गेलं तर प्रत्येक ओळ ऐकावी लागते. त्यापेक्षा एका अक्षराच्या उड्या शिका. एच म्हणजे पुढचं शीर्षक, १ ते ६ म्हणजे त्या-त्या पातळीचं शीर्षक, के लिंक, बी बटण, ई लिहायचा रकाना, एक्स चेकबॉक्स, टी तक्ता. शिफ्ट धरलं की तीच उडी मागे. एन दाबलं की लिंकांचा ढीग ओलांडून आपण पुढच्या साध्या मजकुरावर येतो; बातम्यांच्या पानांवर मला याइतकी उपयोगी कळ दुसरी नाही. लांबलचक यादीत अडकलात तर स्वल्पविराम दाबा, यादीच्या पलीकडे बाहेर पडाल.

अनोळखी पान उघडलं की मी आधी एनव्हीडीए आणि एफ७ दाबते. शीर्षकं, लिंक, बटणं यांची यादी येते. त्यात हव्या शब्दाची पहिली अक्षरं टाइप केली की थेट तिथे. पण काय हवंय ते नेमकं माहीत असेल तर शोधच करा. भरतीच्या निकालाचं पान उघडून माझी एक विद्यार्थिनी वरून एकेक आसन क्रमांक ऐकत बसली होती. एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ दाबायचं, आपला क्रमांक लिहायचा, एंटर. पुढच्या जागेसाठी एनव्हीडीए आणि एफ३. फॉर्म पुढे सरकत नसेल तेव्हाही हेच करा. चूक दाखवणारी सूचना बहुधा पानावर कुठेतरी लाल रंगात पडलेली असते, आणि तो रंग आपल्याला कुणी सांगत नाही.

एच दाबल्यावर उडी न बसता रकान्यात एच उमटलं, तर तुम्ही फोकस मोडमध्ये, म्हणजे रकान्यात लिहिण्याच्या मोडमध्ये आहात. एनव्हीडीए आणि स्पेस दाबून पान वाचण्याच्या ब्राउझ मोडमध्ये या. दोन्ही मोडचे आवाज वेगळे आहेत, ते कानात बसवा.

एक्सेलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नोकरीत तिथेच माणूस अडतो. सी रकान्यात चौदा हजार ऐकू आलं, पण ते मूळ वेतन की कपात? दर वेळी वर जाऊन शीर्षक ऐकून परत यायचं, तोवर आकडा विसरतो. शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या चौकटीवर जा आणि एनव्हीडीए, शिफ्ट आणि सी दाबा. आता आडवं सरकलं की आकड्यासोबत स्तंभाचं नाव ऐकू येईल. आडव्या ओळींच्या नावांसाठी याच पद्धतीने सीऐवजी आर. फाईल सेव्ह केली की ही खूण फाईलमध्येच राहते. कंट्रोल आणि बाणाने मजकुराच्या टोकाला जाता येतं. खाते क्रमांक एक-एक अंक ऐकायचा असेल तर चौकटीत एफ२ आणि मग होम दाबून उजव्या बाणाने चाला.

विंडोजमधलं थोडक्यात: टास्कबारवरचे प्रोग्रॅम नेहमी त्याच क्रमाने लावा, म्हणजे विंडोज आणि १, २, ३ दाबून ते उघडतात. विंडोज आणि व्ही म्हणजे कॉपी केलेल्या मागच्या गोष्टींची यादी. फोल्डरमध्ये बाण मारू नका, फाईलच्या नावाची पहिली अक्षरं टाइप करा.

मराठी लिहायला इनस्क्रिप्ट हा कळफलकच शिका, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी साधनं प्रत्येक शब्दाला पर्याय सुचवतात आणि ते ऐकून निवडावे लागतात. इनस्क्रिप्टमध्ये जी कळ दाबाल तेच अक्षर. एफ आणि जे कळांवर उंचवटा असतोच. एफवर पहिली वेलांटी, जेवर र. डाव्या हाताला बहुतेक स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. हात बसला की एनव्हीडीए आणि २ दाबून अक्षरं बोलणं बंद करा आणि एनव्हीडीए आणि ३ दाबून शब्द बोलणं चालू ठेवा. ह्रस्व-दीर्घ मात्र शब्द ऐकून नीट कळत नाही. पत्र पाठवण्याआधी नावं तरी बाणाने अक्षर-अक्षर तपासा.

आता शेजारी बसलेल्या डोळस मंडळींना विनंती. मदत करताना माऊस हातात घेऊ नका. तुम्ही क्लिक करता आणि आमचा धागा तुटतो, आम्ही कुठे आहोत तेच कळत नाही. ‘तिथे वर उजवीकडे निळं आहे ना’ याऐवजी बटणावर काय लिहिलंय ते सांगा, आम्ही शोधून काढतो. आवाज चालू असताना बोलू नका. आम्ही आधी तो थांबवतो, मग तुमचं ऐकतो.

वर्डमध्ये शीर्षक नुसतं ठळक करू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबून शीर्षकाची शैली द्या, म्हणजे आम्हाला तिथे उडी मारता येते. एक्सेलमध्ये चौकटी जोडू नका. आणि जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधली फाईल पाठवू नका. तुम्हाला पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात दुसरीच अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडमध्ये बदलून द्या. परिपत्रकाचा फोटो काढून ग्रुपवर टाकता तेव्हाही आम्हाला फक्त ‘चित्र’ ऐकू येतं. एनव्हीडीए आणि आर दाबून त्यातला इंग्रजी मजकूर कधी ओळखता येतो, पण शिक्का किंवा सही मजकुरावर आली की ओळी गळतात. ज्या फाईलवरून ते परिपत्रक छापलं, ती फाईलच पाठवा.