पेडल हाताला दाद देत नाही? एन्व्हलप फिल्टर, फझ आणि डकिंग डिले वापरताना या चुका टाळा

नवा एन्व्हलप फिल्टर, म्हणजे बोलीभाषेतला ऑटो-वा (फटक्याच्या जोरानुसार आवाज उघडणारा-मिटवणारा गिटारचा पेडल), आणला. हळू वाजवा की जोरात, आवाज एकच: एक तर कायम उघडा, चिरका, नाही तर कायम बंद, गुदमरलेला. पेडल दुकानात परत नेण्याआधी साखळी, म्हणजे गिटारपासून ॲम्पपर्यंत पेडल जोडण्याचा क्रम, तपासा. या जातीच्या पेडलमध्ये खरा बिघाड क्वचितच निघतो. बहुतेक वेळा हळू आणि जोर यांतला फरक पेडलपर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी मारला गेलेला असतो.

कोरस किंवा रिव्हर्बला तुमच्या हाताशी फारसं देणंघेणं नसतं. आलेल्या आवाजावर ते आपलं काम करतात. एन्व्हलप फिल्टरमध्ये मात्र सिग्नलचे दोन रस्ते होतात. एक फिल्टरमधून ॲम्पकडे जातो. दुसरा कानावर येतच नाही, तो फक्त मोजला जातो. त्याच्या चढउतारातून एक व्होल्टेज तयार होतं आणि ते फिल्टरला वर-खाली सरकवतं. माइक बीगल यांच्या १९७२ च्या म्यूट्रॉन ३ मध्ये हे काम ऑप्टोकपलर करायचा: आत बंदिस्त प्रकाशस्रोत, समोर प्रकाशाप्रमाणे बदलणारा रोधक. आजच्या पेडलमध्ये सुटे भाग वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे. म्हणून पेडलमधून काय ऐकू येतंय याआधी त्याला काय मोजायला मिळतंय ते पाहा.

कम्प्रेसर किंवा ओव्हरड्राइव्ह आधी लावणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. समजा तुमच्या हलक्या आणि जोराच्या फटक्यात २० डेसिबलचा फरक आहे. कम्प्रेसर म्हणजे एका ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वरचा आवाज दाबणारा पेडल; थ्रेशोल्डच्या वर ४:१ वर लावला तर तो त्याचे ५ डेसिबल करतो. मग फिल्टर कशाच्या जोरावर हलणार? डिस्टॉर्शन तर याहून वाईट. लाट वरून-खालून कापली जाते आणि हळू काय, जोरात काय, पातळी जवळपास सारखीच येते. शिवाय सस्टेन, म्हणजे स्वर टिकण्याचा वेळ, लांबल्याने फिल्टर मिटायलाही उशीर होतो.

क्रम असा ठेवा: गिटार, मग एन्व्हलप फिल्टर, मग कम्प्रेसर, मग ड्राइव्ह (ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन). यात एक त्रास असतो. रेझोनन्स, म्हणजे फिल्टरच्या शिखराची टोकदारी, जास्त असेल तर फिल्टरचं शिखर ड्राइव्हला एकदम ढकलतं आणि मधलेच काही स्वर अंगावर येतात. रेझोनन्स (काही पेडलवर त्याला पीक किंवा क्यू म्हणतात) थोडा कमी करा, ड्राइव्हचा गेन वाढवा.

ड्राइव्ह केलेल्या आवाजावरच फिल्टर हवा असेल, आणि त्याचा आवाज खरोखर भरगच्च लागतो, तर इफेक्ट्स लूप (मध्येच दुसरा पेडल जोडायची सोय) असलेला पेडल घ्या. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या क्यू-ट्रॉन प्लसमध्ये तो आहे. ड्राइव्ह लूपमध्ये बसतो आणि मोजमाप मात्र स्वच्छ गिटारचंच होतं.

सेन्सिटिव्हिटी कानाला बरी वाटेल तिथे सोडणं

किती जोराला फिल्टर किती उघडेल हे सेन्सिटिव्हिटीचा नॉब ठरवतो. बहुतेक जण मध्यम जोरात वाजवत तो फिरवतात आणि जिथे छान वाटलं तिथे थांबतात. मग गाण्यात हात तापला की फिल्टर वरच्या टोकाला जाऊन अडकतो. पद्धत उलटी हवी, सर्वात जोराच्या फटक्यापासून सुरू होणारी.

बाकी सगळे पेडल बंद. गिटारचा व्हॉल्यूम ८ वर, म्हणजे वर थोडी जागा राहते. मोड बँड पास, रेंज लो, रेझोनन्स मध्यावर, सेन्सिटिव्हिटी शून्य. आता गाण्यात लागणारा सर्वात जोराचा फटका पुन्हा पुन्हा मारत नॉब वाढवत जा. फिल्टर पूर्ण उघडला की थांबा आणि अगदी किंचित मागे या. लगेच तोच स्वर हळू वाजवा: फिल्टर थोडासाच उघडला पाहिजे. दोन्ही वेळा पूर्ण उघडत असेल तर नॉब अजून मागे. पूर्ण मागे नेऊनही उघडाच राहत असेल तर गिटारचं आउटपुट जास्त आहे. हंबकरवर (दोन कॉइलच्या, जास्त आउटपुटच्या पिकअपवर) हे नेहमी होतं. सिंगल कॉइलवर बसवलेली जागा हंबकरला चालत नाही, त्यामुळे गिटार बदलली की नॉबही बदलायचा.

एकाच गाण्यात सहा तारांची कॉर्ड आणि एकेरी स्वर दोन्ही असतील तर पातळी कॉर्डवर बसवा. एकेरी स्वर जरा जोराने वाजवून घेता येतात, कॉर्ड मात्र हळू वाजवून फिल्टरच्या हद्दीत ठेवणं अवघड जातं.

वेगाचा हिशोब न करणं

सेन्सिटिव्हिटी अचूक बसवली आहे, संथ रिफवर फिल्टर सुंदर बोलतो आणि गाणं जलद झालं की आवाज सपाट होतो, अशी तक्रार असेल तर दोष डिकेचा आहे. स्वर गेल्यावर फिल्टर मिटायला लागणारा वेळ म्हणजे डिके.

हिशोब सोपा आहे. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी) भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्यात चार स्वर वाजवलेत तर दोन स्वरांत अंतर फक्त १२५. फिल्टर मिटायला ३०० लागत असतील तर तो निम्मासुद्धा मिटायच्या आत पुढचा फटका येऊन त्याला परत वर ढकलतो. दोन-तीन स्वरांनंतर तो वरच तरंगत राहतो. ८० बीपीएमला ठोक्यात दोनच स्वर असतील तर अंतर ३७५ मिलिसेकंदांचं, आणि तोच पेडल, तीच जागा, व्यवस्थित चालते. डिकेचा नॉब असेल तर तो दोन स्वरांमधल्या अंतरापेक्षा थोडा कमी ठेवा.

मग डिके अगदी कमी करून टाकायचा का? नाही. गिटारची खालची ई तार ८२.४ हर्ट्झची. मोजणाऱ्या भागात लाटेचे दोन्ही अर्धे मोजले जात असतील तर व्होल्टेजमध्ये सुमारे १६५ हर्ट्झची थरथर उरते. डिके फार जलद असला की ही थरथर गाळली जात नाही, फिल्टर प्रत्येक लाटेसोबत हलतो आणि जाड तारांवर घरघर ऐकू येते. बास गिटारची खालची ई ४१.२ हर्ट्झची, तिथे हा त्रास आणखी वाढतो. घरघर थांबेपर्यंत डिके वाढवायचा आणि तिथेच सोडायचा.

पुष्कळ पेडलवर डिकेचा नॉबच नसतो. क्यू-ट्रॉन प्लसवर फास्ट-स्लो असा रिस्पॉन्सचा खटका आहे. तेवढंही नसेल तर उपाय हातात आहे, आणि तोच सर्वात चांगला: स्वर लवकर तोडा. पिकच्या हाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवा, किंवा फ्रेटवरचं बोट न उचलता फक्त दाब सैल करा. स्वर थांबला की मोजलेली पातळी पडते आणि फिल्टरला मिटायला अवकाश मिळतो. इथे एक बारीक गोष्ट हमखास सुटते. तुम्ही वाजवलेला स्वर थांबला, पण मोकळी ए किंवा डी तार बारीक गुणगुणत राहिली, तर पेडल तीही मोजतो. ॲम्पमधून ती जेमतेम ऐकू येते, पण फिल्टर अर्धा उघडा राहतो. डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी बाकीच्या तारा झाकायची सवय लावा.

फझच्या आधी बफर

फझ फेस हा करकरीत आवाजाचा जुना फझ पेडल. तो मोजमाप करणारा पेडल नाही, तरी हाताला त्याच्याइतकी दाद देणारे पेडल थोडेच. त्याचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा रोध) खूप कमी, काही किलोओहमचा असल्याने गिटारचा पिकअप आणि व्हॉल्यूम पॉट त्याच्या सर्किटचाच भाग होतात. व्हॉल्यूम १० वरून ७ वर आणला की आवाज चमकदार स्वच्छ होतो तो यामुळेच. मध्ये बफर, म्हणजे गिटारला पुढच्या सर्किटपासून वेगळं करणारा भाग, आला की हे नातं तुटतं: व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज तसाच करकरीत राहतो. बॉस टीयू-३ सारखा ट्यूनर बंद असतानाही बफर असतो, वायरलेस रिसीव्हरचंही तेच. फझ गिटारनंतर लगेच, ट्यूनर त्याच्यानंतर.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ असेल तर उष्णताही मोजा. त्यांची गळती दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते. एसी खोलीत २५ अंशांना जुळवलेला फझ विदर्भातल्या मे महिन्यात खुल्या मंचावर ४२ अंशांना तुटक, फुटका वाजतो आणि हळू वाजवलेले स्वर गिळतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ४.५ व्होल्टच्या आसपास दाब हवा. तिथला ८.२ किलोओहमचा रोधक काढून ट्रिमर बसवला असेल तर तो मंचावरच्या तापमानाला फिरवून घ्या. नाही तर पेडल सावलीत ठेवा, किंवा उन्हाळ्यात सिलिकॉनवाला न्या. पीएनपी जर्मेनियम फझमध्ये अर्थ धन असतो. तो बाकीच्या पेडलसोबत एकाच डेझी-चेन केबलवर (एका अडॅप्टरमधून अनेक पेडलना वीज देणाऱ्या केबलवर) जोडू नका, पुरवठा शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा स्वतंत्र आयसोलेटेड आउटपुट द्या.

डकिंग डिले आणि ऑटो स्वेल

वाजवत असताना प्रतिध्वनी दबलेला आणि थांबलात की वर येणारा, ही डकिंगची सोय टीसी इलेक्ट्रॉनिकच्या २२९० ने १९८५ मध्ये लोकप्रिय केली. थ्रेशोल्ड फार खाली असेल तर प्रतिध्वनी कधीच वर येत नाही. रिलीज, म्हणजे थांबल्यावर प्रतिध्वनी वर यायला लागणारा वेळ, फार जलद असेल तर तो प्रत्येक स्वराच्या फटीतून उसळतो. फार संथ असेल तर वर येईपर्यंत विरून गेलेला असतो. रिलीज २०० ते ४०० मिलिसेकंदांत सुरू करा आणि फीडबॅक तीन-चार आवर्तनं ऐकू येतील इतका ठेवा. ॲम्पच्या लूपमध्ये, तापलेल्या प्रीॲम्पनंतर लावलात तर कम्प्रेसरचीच अडचण पुन्हा येते.

बॉसचा १९७९ चा स्लो गिअर आणि त्याच्यामागून आलेले स्वेल पेडल पिकचा ठोका लपवून स्वर हळूच वर आणतात. त्यांना दोन स्वरांमध्ये शांतता लागते. लेगाटोत, म्हणजे मध्ये न थांबता, स्वर जोडून घेतलात तर स्वेल फक्त पहिल्या स्वराला मिळतो.

ऑडिओ इंटरफेसवर वाजवताना

संगणकावरच्या प्लगइनमधल्या ऑटो-वालाही हेच नियम. गिटार लाइनच्या इनपुटला न जोडता इन्स्ट्रुमेंटच्या इनपुटला जोडा, तिथे साधारण १ मेगाओहमचा इम्पीडन्स मिळतो. सर्वात जोराची कॉर्ड मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास येईल इतकाच गेन द्या. लाल दिवा लागला म्हणजे लाटेचा माथा कापला गेला, आणि तो प्लगइनमधली सेन्सिटिव्हिटी कितीही कमी केली तरी परत येत नाही. गेन इंटरफेसवरच उतरवा.